५० हजारांत होम थिएटर : स्पीकर कोणते घ्यावेत?

वासोटा

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. हॉल ११ बाय १६ फूट. अकरा फुटी भिंतीवर ५५ इंची टीव्ही, समोर साधारण १० फुटांवर सोफा. डाव्या हाताला बाल्कनीचा काचेचा सरकता दरवाजा, उजवीकडे भिंत नाहीच, सरळ डायनिंग. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स.

टीव्हीचा आवाज कुचकामी आहे. बाबा ७४ वर्षांचे, त्यांना संवाद कळत नाहीत म्हणून ते आवाज वाढवतात, आणि मारामारी सुरू झाली की मुलगी कानांवर हात ठेवते. आईला रात्री नाटकांची जुनी रेकॉर्डिंग्ज बघायची असतात. मला स्वतःला सिनेमाचा आवाज सिनेमासारखा हवाय, पण त्याआधी बाबांना प्रत्येक वाक्य नीट ऐकू आलं पाहिजे.

बजेट ५० हजार, फार तर ५५. तीन पर्याय समोर आलेत. एक, सोनीचा एचटी-एस२०आर सेट, म्हणजे साउंडबार, सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या सुरांचा स्पीकर) आणि मागचे दोन वायरवाले स्पीकर. यात निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. दोन, पुण्यात तपकीर गल्लीत बघितलेला असेंबल केलेला ५.१ सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), कमरेएवढे दोन टॉवर, खोक्यावर '१२,००० वॅट पीएमपीओ'. तीन, नवा एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज उलगडून स्पीकरना पुरवणारा ॲम्प्लिफायर) आणि त्याच्यासोबत छोट्या सॅटेलाइट स्पीकरचा तयार ५.१ संच, हे ५५ च्याही थोडं वर जातंय.

कोणता घेऊ? की यापलीकडे काही आहे?

चंपाकळी

वासोटा, आमच्याकडे ठाण्यात त्याच प्रकारचा मागच्या स्पीकरवाला साउंडबार आहे. एचडीएमआयची एक वायर टीव्हीला लावली की काम झालं, सासूबाईसुद्धा टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करतात. बातम्या, मालिका, क्रिकेट सगळं टीव्हीपेक्षा कितीतरी स्पष्ट येतं. 'व्हॉइस' बटणाचा रात्री फार उपयोग होतो. घरातल्या सगळ्यांना विनासायास वापरता येणं हा गुण मी खूप वरचा मानते.

मर्यादाही सांगते. बारमधले स्पीकर लहान असल्यामुळे पुरुषांच्या आवाजाचा खालचा भाग सबवूफरमधून येतो. सब कोपऱ्यात असला की घोगरा आवाज कोपऱ्यातून येतोय हे जाणवतं. आणि पुढे काही बदलायचं म्हटलं तर वेगळा सेंटर (मधला स्पीकर) किंवा मोठा सब जोडायची सोय नाही. आहे तो संच पूर्ण बदलायचा.

सोल्डरिंग

पर्याय दोनबद्दल कळकळीने सांगतो, कारण या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या असेंबल्ड ५.१ सेटमध्ये स्पीकर सहा असतात, पण आत डॉल्बीचा डिकोडर (५.१ चा आवाज वेगवेगळ्या स्पीकरसाठी उलगडणारा भाग) असेलच असं नाही. बऱ्याच सेटमध्ये ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि लाल-पांढरे आरसीए एवढंच इनपुट असतं. म्हणजे आत स्टीरिओ शिरतो आणि तोच आवाज थोडा फिरवून पाचही स्पीकरला वाटला जातो. सेंटरमधून संवादांसोबत सगळं पार्श्वसंगीत येतं. बाबांची अडचण तिथेच राहते.

ओळखायचं कसं? मागची बाजू बघा. ऑप्टिकल इनपुट किंवा 'एआरसी' लिहिलेला (टीव्हीचा आवाज आत घेणारा) एचडीएमआय पोर्ट आहे का? नसेल तर टीव्हीतून खरा ५.१ त्यात जाणारच नाही. तिथे काम करणारी माणसं हुशार आहेत. वेगळा डिकोडर बोर्ड, चांगले ड्रायव्हर आणि जाड एमडीएफ सांगून बनवून घेतलात तर उत्तम सेट होतो. पण त्यासाठी काय मागायचं हे आपल्याला ठाऊक हवं, आणि वर्षभराने बिघडला तर त्याच दुकानात न्यायची तयारी हवी. घरच्यांसाठी पहिलाच सेट घेताय, तर मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही.

निषाद

वासोटा, हॉलची मापं दिलीत हे फार बरं केलंत. त्यावरून बरंच काही ठरवता येतं.

आधी त्या १२,००० वॅटचा निकाल लावू. पीएमपीओला कुठलंही प्रमाणित मोजमाप नाही, विकणारा हवा तो आकडा छापतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, विचारा. तोही किती ओहमला, किती डिस्टॉर्शनवर आणि किती चॅनल एकदम चालू असताना मोजला, ते विचारा. नामांकित कंपन्यांच्या खोक्यावरचा मोठा आकडासुद्धा बहुतेक वेळा एकच चॅनल चालू ठेवून, १० टक्के डिस्टॉर्शनवर काढलेला असतो.

त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. ८८ डीबीचा स्पीकर म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८८ डीबी आवाज. तुमच्या सोफ्यापर्यंत, म्हणजे साधारण ३ मीटरवर, तो ७८-७९ होतो, आणि घरात एवढा आवाज भरपूर झाला. थोडक्यात, संवादांना एक वॅट पुरतो. उरलेले वॅट लागतात ते ढोल, स्फोट, दार आपटणं अशा क्षणभराच्या उसळीला. आवाज ३ डीबी वर न्यायचा तर वॅट दुप्पट, २० डीबी वर न्यायचा तर १०० पट. म्हणून खरे ५०-६० वॅट तुमच्या हॉलला रग्गड आहेत आणि ८५ ऐवजी ८८ डीबीचा स्पीकर घेणं म्हणजे निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळवणं.

आता मुख्य मुद्दा. ५.१ मध्ये संवादांचा बहुतेक सगळा भार सेंटर स्पीकरवर असतो. बाबांसाठी काय घ्यायचं याचं उत्तर सेंटर हेच आहे. वय वाढतं तशी वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती कमी होते, आणि स, श, त, क ही व्यंजनं नेमकी तिथे असतात. नुसता आवाज वाढवल्याने सगळंच मोठं होतं, व्यंजनं उठून येत नाहीत. सेंटर वेगळा असला की रिसीव्हरमध्ये तेवढाच २-३ डीबी वर घेता येतो. संवाद पुढे येतात, मारामारी होती तिथेच राहते. तुमच्या मुलीचाही प्रश्न यातच सुटतो.

फक्त डावा-उजवा घेऊन सेंटर वगळायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मधोमध बसणाऱ्या एकट्या माणसाला तो लागू पडतो. दोन स्पीकरच्या मधून कोणी बोलतंय असं त्याला खरंच वाटतं. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला मात्र सगळे संवाद जवळच्या स्पीकरमधून येताना दिसतात. चार-पाच माणसांच्या घरात सेंटर हवाच.

आणि सेंटर म्हणून मिळणारा आडवा स्पीकर, ज्यात मध्ये ट्वीटर (बारीक सुरांचा) आणि दोन्ही बाजूंना वूफर (जाड सुरांचा) असतो, तोच घेतला पाहिजे असं नाही. स्वस्त आडव्या सेंटरमध्ये दोन्ही वूफर एकच पट्टी वाजवतात. बाजूला बसलं की एकाचा आवाज दुसऱ्याच्या आधी पोचतो, काही पट्ट्या एकमेकींना मारतात आणि संवाद पातळ होतो. टीव्हीखाली उंचीला जागा असेल तर पुढचे तिन्ही स्पीकर एकसारखे बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे स्पीकर) घ्या आणि मधला उभाच ठेवा. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज मध्येच रंग बदलत नाही, आणि टोकाला बसलेल्या आईंनाही तेच शब्द तितकेच स्पष्ट ऐकू येतात.

माझा क्रम असा : पुढचे तीन चांगले बुकशेल्फ, वूफर ५ ते ६.५ इंची. मग रिसीव्हर. मग एक बरा सब. मागचे दोन वर्षभराने घेतलेत तरी चालतील. पैसे सहा ठिकाणी चिमूट-चिमूट वाटू नका. पर्याय तीनमधले सॅटेलाइट ३ इंची असतील तर ते १२०-१५० हर्ट्‌झच्या खाली दमतात, आणि चंपाकळी म्हणतात तोच घोगऱ्या आवाजाचा त्रास तिथेही होईल.

वासोटा

निषाद, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. टीव्हीखाली १५ इंच उंची आहे, म्हणजे उभा बुकशेल्फ बसेल. पण नवा रिसीव्हर घेतला तर निम्म्याहून जास्त पैसे तिथेच जातात. यामाहा आरएक्स-व्ही३८५ आणि डेनॉन एक्स२५०बीटी असे दोन ५.१ वाले बघितले. उरलेल्यात तीन स्पीकर आणि सब कसे बसवू? जुना रिसीव्हर घ्यावा का?

लाटघर

जुना जरूर घ्या, पण तपासून. मी रत्नागिरीजवळ राहतो आणि माझा अख्खा संच वापरलेल्या वस्तूंचा आहे.

एचडीएमआयवरचं एआरसी २००९ मध्ये आलं, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये ते सापडतं. रिसीव्हर जुना असून त्यातून ४के चित्र जात नसेल तरी काळजी नाही. सेटटॉप बॉक्स आणि स्टिक थेट टीव्हीला लावायच्या, टीव्हीकडून फक्त आवाज एआरसीने रिसीव्हरला न्यायचा. एआरसी नसेल तर ऑप्टिकल; त्यातूनही डॉल्बी डिजिटल ५.१ जातं. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारं डॉल्बीचं तंत्र) जाणार नाही, पण पाच स्पीकरवाल्याला त्याची गरज नाही.

घेताना प्रत्येक एचडीएमआय पोर्टला काहीतरी लावून बघा, कारण रिसीव्हरमध्ये आधी मरतो तो एचडीएमआयचा बोर्ड. पाचही चॅनलना आळीपाळीने एकच स्पीकर लावून ऐका. आवाजाचं बटण हळू फिरवा, खरखर येते का बघा. अर्धा तास चालू ठेवून जळका वास येतो का पाहा. ऑटो सेटअपचा (खोलीनुसार आवाज आपोआप जुळवण्याचा) माइक सोबत मिळतोय का तेही विचारा, तो हमखास हरवलेला असतो.

जुने स्पीकर मात्र आमच्यासारख्या दमट हवेत बघूनच घ्यावेत. वूफरच्या कडेची रिंग फोमची असेल तर काही वर्षांनी ती कुजून पिठासारखी झडते. बोट लावलं की तुकडा हातात येतो. रबराची रिंग टिकते. साताऱ्यात हवा कोरडी, पण विकणाऱ्याने स्पीकर कुठे वापरला ते विचारायला हरकत नाही. मागच्या बाजूला पोर्टचं, म्हणजे हवा ये-जा करण्याचं, भोक असेल तर त्यात पाल घर करते, म्हणून मी तिथे विरळ जाळी लावली आहे.

आणि पावसाळ्याआधीच्या वळवात वीज कडाडू लागली की नुसता स्विच बंद करू नका. रिसीव्हरचा प्लग काढाच, डिशची वायरही टीव्हीतून काढा. वीज त्या वायरीतून टीव्हीत येते आणि एचडीएमआयमधून रिसीव्हरपर्यंत पोचते.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे जुने रिसीव्हर फार स्वस्तात मिळतात आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाला तरी 'घेऊन ये' म्हणण्याचा मोह होतो. इथला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. भारतात २३० व्होल्टला थेट लावला तर तत्क्षणी जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो चांगल्या क्षमतेचा हवा, जड असतो, गुणगुणतो आणि घरात कुणीतरी चुकून प्लग थेट भिंतीत लावण्याची भीती कायम राहते.

पॅसिव्ह स्पीकरला व्होल्टेजची अडचण नाही, ते कुठलेही कुठेही चालतात. ॲम्प्लिफायर आत असलेला सब मात्र रिसीव्हरच्याच नियमात येतो. म्हणून आणायचेच तर बुकशेल्फ आणा, तेही वजन बघून.

मृदंगी

कोणी खोलीबद्दल बोललंच नाही अजून! टाइल्स, काचेचा दरवाजा आणि मोकळ्या भिंती. तुमच्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग पत्र्यासारखा झणझण आवाज आला, तर तोच प्रत्येक शब्दाच्या मागे येतोय आणि बाबांना शब्द कळू देत नाहीये.

आधी ४-५ हजार इकडे घाला. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा किंवा दुहेरी घातलेली सतरंजी. काचेच्या दरवाजाला छतापासून जमिनीपर्यंत जाड कापडाचा, चुण्या भरपूर असलेला पडदा. दरवाजाच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या. सोफ्यामागे पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच छान. अंड्याचे ट्रे आणि पातळ फोम चिकटवू नका, त्यांनी फक्त अगदी वरच्या पट्ट्या खाल्ल्या जातात आणि आवाज निस्तेज होतो. हा खर्च तुम्ही कुठलाही स्पीकर घेतलात तरी वसूल होतो.

निषाद

मृदंगी, पूर्ण सहमत. हे मीच आधी लिहायला हवं असं वाटावं इतकं महत्त्वाचं आहे. वासोटा, पडदा आधी, सब नंतर.

वासोटा

मंडळी, थोडी प्रगती सांगतो.

पडदा आणि गालिचा लावला. टाळीची झणझण खूपच कमी झाली, आणि काहीच नवीन न घेता बाबा आवाज आधीपेक्षा कमी ठेवू लागलेत. घरात सगळ्यांना पटलं.

पुण्यात जाऊन ऐकूनही आलो. दुकानात नेहमीप्रमाणे हेलिकॉप्टर आणि काच फुटण्याचे डेमो लावत होते. मी मोबाइलवरून मराठी बातम्या लावायला सांगितल्या, आवाज अगदी हळू. एका देखण्या टॉवरमध्ये निवेदिकेचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. शेजारच्या साध्या बुकशेल्फमध्ये ती समोर बसून बोलतेय असं वाटलं. ५.२५ इंची वूफर, पोर्ट पुढच्या बाजूला, ८७ डीबी. त्याच्याच दोन जोड्या घेतल्या, म्हणजे तीन पुढे आणि चौथा सध्या खोक्यात. रिसीव्हर वापरलेला मिळाला, माइकसकट. लाटघर यांची यादी हातात धरून तासभर तपासला. सब १० इंची, नवा.

आता अडचणी. मागच्या स्पीकरला दोन्ही बाजूंना भिंतच नाही. वायर कुठली घेऊ? आणि एक मोठी शंका : टीव्हीवर ५.१ चा सिनेमा लावूनही रिसीव्हरच्या पडद्यावर 'स्टीरिओ' असंच दिसतंय.

निषाद

शेवटच्या शंकेचं आधी सांगतो, कारण यात बहुतेक सगळे अडकतात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' शोधा. ते 'पीसीएम'वर असेल. साध्या एआरसीमधून पीसीएम फक्त दोन चॅनलचं जातं. ते 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी डिजिटल' करा. मग ज्या ॲपवर बघताय तिथे ऑडिओच्या यादीत '५.१' लिहिलेला ट्रॅक निवडा. यूट्यूबवरचं जवळपास सगळं स्टीरिओच असतं, तिथे तपासू नका. पेनड्राइव्हवरचा सिनेमा डीटीएसमध्ये (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) असेल तर अनेक नव्या टीव्हींनी डीटीएसचा आधार काढून टाकला आहे, तो आवाज टीव्हीतून येणारच नाही.

मांडणी : तुमच्या अकरा फुटी भिंतीवर डावा-उजवा ८ फूट अंतराने ठेवलेत तर १० फुटांवरून साधारण २२ अंशांचा कोन होतो. डॉल्बी २२ ते ३० सांगते, म्हणजे अगदी बसतंय. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला. मधला खाली आहे, त्याला कपाटाच्या अगदी पुढच्या कडेला आणा. आत ढकललेला राहिला तर फळीवरून आवाज उसळतो. पुढून रबराची पाचर लावून तोंड कानाकडे उचला.

रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्‌झ करा. ऑटो सेटअपने 'लार्ज' ठरवलं तरी तुम्ही बदला. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर न्या, नाहीतर दोनदा गाळलं जातं.

सब कुठे? तो उचलून तुमच्या सोफ्यावरच्या जागी ठेवा. ओळखीचं, बासचे सूर वरखाली जाणारं गाणं लावा आणि पुढच्या भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे सगळे सूर एकसारखे येतात, कुठला गुरगुरत नाही आणि कुठला गायब होत नाही, तिथे सब. तुमच्या हॉलच्या लांबीमुळे ३५ हर्ट्‌झच्या आसपास फुगवटा येईल. कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त. सबखाली जाड रबराचे पाय द्या, खालच्या मजल्यावर स्लॅबमधून धडधड जाते.

मागच्यांसाठी सोफ्याच्या दोन्ही टोकांना, किंचित मागे, अशी उभी स्टँड्स. चौथा बुकशेल्फ आहेच, पुढेमागे एक जोडी घेतली की सेंटरसकट पाच एकाच जातीचे होतात आणि एक राखीव.

सोल्डरिंग

वायरसाठी दुकानात मागतील तेवढे पैसे देऊ नका. चमकदार पारदर्शक स्पीकर वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम असते. टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरी दिसते. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिमीची बहुतारी तांब्याची वायर घ्या, लाल एक आणि काळी एक. साधारण १६ गेजपेक्षा थोडी जाडच असते. ८ ओहमच्या स्पीकरला १२-१४ मीटरपर्यंत बिनघोर. मागे नेताना गालिच्याखालून नको, पाय पडून तुटते. भिंतीच्या कडेने पट्टीतून न्या.

टोकं उघडताना सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागली नाही ना, ते बघा. आणि लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी लागली तर बास गायब होतो आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

वासोटा

निषाद, पीसीएमच होतं! ऑटो केलं आणि रिसीव्हरवर डॉल्बी डिजिटल उमटलं. सेंटर २ डीबी वर घेतला. काल बाबांनी पूर्ण सिनेमा पाहिला आणि मध्ये एकदाही 'काय म्हणाला?' असं विचारलं नाही. मागच्या स्टँडचं दिवाळीनंतर बघू.

एकच राहिलं. आईच्या जुन्या नाटकांच्या रेकॉर्डिंगला काय सेटिंग ठेवू? रात्री दहानंतर बघते.

मृदंगी

जुनी बहुतेक रेकॉर्डिंग्ज मोनो, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये एकच आवाज. रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा जुन्यात 'प्रो लॉजिक' लावलंत तर दोन्हीकडे सारखा असलेला आवाज तो सेंटरला पाठवतो, म्हणजे अख्खं नाटक मधल्या स्पीकरमधून. शब्द नेमके एका जागेवरून येतात, आईंना हे आवडेल. 'ऑल चॅनल स्टीरिओ' नको, त्याने शब्द पसरतात.

रात्रीसाठी 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज कंट्रोल' चालू करा. मोठा आवाज दाबला जातो, कुजबुज वर येते. डॉल्बीच्या कार्यक्रमांना ते हमखास चालतं. साध्या मोनो रेकॉर्डिंगवर काही रिसीव्हरमध्ये त्याचा परिणाम होत नाही, तेव्हा 'डायनॅमिक व्हॉल्यूम' किंवा तसा दुसरा पर्याय मेनूत आहे का बघा. पेटीच्या खालच्या पट्टीने घुमल्यासारखं वाटलं तर नाटकापुरता सब ४-५ डीबी खाली घ्या.